रोजचं चालणं नकाशावर मांडायचं तर आधी स्वतःचं पाऊल मोजा

सांगलीच्या विश्रामबागेतून एका नुकत्याच निवृत्त झालेल्या गृहस्थांनी विचारलं आहे. ते आणि त्यांच्या पत्नी रोज सकाळी स्कूटर लावून आमराईत नाहीतर कृष्णेच्या घाटाकडे साधारण चार किलोमीटर चालतात. साखर आहे, डॉक्टरांनी चालायला सांगितलंय, पण त्याच त्या फेऱ्यांचा कंटाळा आलाय. रोजचे किलोमीटर जोडत नकाशावर लांबचा प्रवास करायचा, ही कल्पना मुलीने सुचवली. त्यांच्या तीन अडचणी आहेत. दोघं बरोबर चालूनही त्यांच्या फोनवर ४.९ आणि पत्नीच्या फोनवर ४.२ किलोमीटर दिसतात, तर खरं काय? मार्ग कोणता घ्यावा? आणि मध्ये खंड पडला तर काय करायचं?

मी साताऱ्यात राहतो. नोकरीत असताना रस्त्यांची मोजणी हेच काम होतं. निवृत्त झाल्यापासून हा उद्योग करतोय आणि सध्या चौथ्या प्रवासात आहे. पहिला प्रवास बुडाला, त्याचं आधी सांगतो, कारण तुमच्याही मनात तसंच काहीतरी मोठं असणार.

मी ठरवलं सातारा ते श्रीनगर. अंतर अडीच हजार किलोमीटरच्या आसपास. भिंतीवर भारताचा नकाशा लावला आणि टाचण्या टोचल्या: पुणे, मुंबई, सुरत, अहमदाबाद, उदयपूर, जयपूर, दिल्ली. रोज पाच किलोमीटर. पुणे बाविसाव्या-तेविसाव्या दिवशी आलं, मजा आली. मुंबई दीड-पावणेदोन महिन्यांत आली, घरात पेढे वाटले. पुढची टाचणी सुरत. मुंबईपासून सुमारे २८० किलोमीटर, म्हणजे जवळजवळ दोन महिने नकाशावर काही घडणारच नाही. रोज पाच किलोमीटर चालून यायचं, वहीत आकडा लिहायचा आणि टाचणी तिथंच. पालघर जिल्ह्यात मनोरच्या आसपास कुठंतरी मी तो प्रवास सोडला. चालणं चालू होतं, वही मात्र बंद पडली. मोठं अंतर मला कधी जड गेलं नव्हतं. जड गेलं ते दोन टाचण्यांमधलं रिकामं अंतर. त्यानंतर एक नियम केला: पुढचं ठिकाण आपल्या एका आठवड्याच्या चालण्यापेक्षा लांब असता कामा नये. तुमचे रोजचे चार धरले तर आठवड्याचे २८. म्हणजे दर पंधरा ते तीस किलोमीटरवर काहीतरी हवं. गाव, पूल, धरण, संगम, अगदी टोलनाकासुद्धा चालतो.

वारीची आखणी पाहिली की हे लगेच पटतं. आळंदी ते पंढरपूर एवढा मोठा पल्ला, पण रोज संध्याकाळी मुक्कामाचं गाव ठरलेलं. पुणे, सासवड, जेजुरी, वाल्हे, मग नीरा ओलांडून आमच्या सातारा जिल्ह्यात लोणंद, तरडगाव, फलटण, बरड, पुढे नातेपुते, माळशिरस, वेळापूर. पंढरपूर डोक्यात असतंच, पण पाय चालतात ते पुढच्या मुक्कामासाठी. माझा दुसरा प्रवास हाच होता, अंतर सुमारे अडीचशे, आणि तो पुरा झाला. (वारी करणाऱ्या शेजाऱ्यांनी चिडवलं, की माउलींना वही दाखवून चालत नाही. मान्य आहे.) नव्याने सुरू करणाऱ्याला मी अजूनही पहिल्यांदा हाच मार्ग सांगतो. तुम्हाला मात्र वेगळा सांगणार आहे, कारण तुमच्या दाराशी त्याहून चांगली गोष्ट वाहतेय. ते पुढे.

आधी ४.९ आणि ४.२ चं भांडण मिटवू.

फोन खिशात असताना चालण्याचं अंतर मोजत नाही, तो हिसके मोजतो. आतला सेन्सर प्रत्येक हिसक्याला पाऊल समजतो आणि त्याला एका गृहीत लांबीने गुणतो. ही लांबी बहुतेक वेळा तुम्ही भरलेल्या उंचीवरून काढलेली असते, आणि उंची भरली नसेल तर कंपनीने ठरवलेली सरासरी. तुमच्या फोनमध्ये तुमची उंची काय टाकली आहे ते बघा. मुलीने फोन लावून देताना अंदाजाने टाकली असण्याची शक्यता मोठी. आणि बरोबरीने चालणाऱ्या दोन माणसांची पावलं सारखी नसतात. पत्नीची पावलं जास्त पडतात आणि प्रत्येक पाऊल लहान असतं. तिथं फोनची सरासरी चुकली की आकडा घसरतो. म्हणजे दोन्ही आकडे चूक असू शकतात. खरं अंतर पायांनाच विचारावं लागतं.

पद्धत साधी आहे. ४०० मीटरच्या धावपट्टीवर जायचं आणि अगदी आतल्या लेनमधून पाच फेऱ्या मारायच्या. झाले २००० मीटर. पावलं मोजायची. तोंडाने तीन हजारांपर्यंत मोजणं अवघड, म्हणून मी डाव्या खिशात चिंचोके ठेवतो आणि दर शंभर पावलांना एक उजव्या खिशात टाकतो. हे एकाच दिवशी करू नका, तीन वेगवेगळ्या सकाळी करा. माझे मागचे आकडे २,९६८, ३,०१० आणि २,९९२. सरासरी २,९९०. दोन हजार मीटर भागिले २,९९० म्हणजे पाऊल ६६.९ सेंटिमीटर, आणि एका किलोमीटरला जवळजवळ १,४९५ पावलं. हा आकडा वहीच्या पहिल्या पानावर तारखेसह लिहायचा. फोनवर पावलाची लांबी हाताने भरायची सोय असेल तर तिथंही टाका. नसेल तर फोनकडून फक्त पावलांची संख्या घ्या आणि भागाकार स्वतः करा.

आतली लेन म्हटलं ते मुद्दाम. धावपट्टीची प्रत्येक लेन १.२२ मीटर रुंद असते, आणि एक लेन बाहेर सरकलात की फेरीमागे सात-साडेसात मीटर वाढतात. चौथ्या लेनमधून चाललात तर पाच फेऱ्यांत शंभर मीटरहून जास्त जादा चालाल, आणि हिशोबात तुमचं पाऊल आहे त्यापेक्षा लहान निघेल.

धावपट्टी जवळ नसेल तर पोलादी टेप घ्या. कापडी टेप नको, ती ताणते. कॉलनीतल्या सरळ रस्त्यावर शंभर मीटर मोजा आणि दोन्ही टोकांना ऑइलपेंटने खूण करा. दहा वेळा ये-जा केली की तेच २००० मीटर. रस्त्याच्या कडेचे किलोमीटरचे दगडही वापरता येतात. पिवळं डोकं म्हणजे राष्ट्रीय महामार्ग, तिथं चालायला जाऊ नका. हिरवं डोकं म्हणजे राज्य मार्ग, तिथं पहाटे गर्दी कमी असेल तर बघा. पण या दगडांची एक गंमत नोकरीत शिकलो, ती सांगतो. रस्ता रुंद करताना वळण काढून सरळ केलं जातं किंवा गावाबाहेरून बायपास निघतो. रस्त्याची लांबी बदलते, पण पुढचे सगळे दगड उपटून नवे लावण्याइतकी हौस कुणाला नसते. त्यामुळे त्या एका टप्प्यात दोन दगडांमधलं अंतर हजार मीटर नसतं, कधी आठशे तर कधी साडेबाराशेही. म्हणून एकाच जोडीवर विसंबू नका, सलग तीन-चार किलोमीटर चालून सरासरी घ्या.

एवढा खटाटोप कशाला, असं वाटेल. माझंच उदाहरण घ्या. साठीत माझं पाऊल ७१ सेंटिमीटर होतं. मध्ये गुडघा धरला, आणि जुनाच आकडा दोन वर्षं वापरत राहिलो. पुन्हा मोजलं तर ६७. शंभरात साडेपाचाचा फरक. हजार किलोमीटरच्या प्रवासात तो ५६ किलोमीटर होतो, म्हणजे साताऱ्याहून कराडला पोचून वर थोडं. न चालताच मी कराड गाठलं होतं! आता दर सहा महिन्यांनी मोजतो. आजारपणानंतर किंवा नवे बूट घेतल्यावरही मोजावं.

फोनच्या खोड्या आणखी आहेत. तुम्ही आमराईपर्यंत स्कूटरने जाता. खराब रस्त्यावरच्या हादऱ्यांना काही फोन पावलं समजतात. घरून निघताना आणि स्कूटर लावल्यावर, असे दोन्ही आकडे एक आठवडा लिहून ठेवा, फरक कळेल. मनगटावर पट्टा बांधत असाल तर तो हाताच्या झोक्यावर चालतो. दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या असल्या की तो कमी मोजतो, आणि आरतीत टाळ्या वाजवल्या की जास्त. गणपतीच्या दहा दिवसांत माझ्या सौभाग्यवतींचे आकडे संशयास्पद वाढतात.

उपग्रहावरून अंतर मोजणाऱ्या ॲपला पाऊल कळत नाही, तो दर थोड्या वेळाने तुमची जागा टिपतो आणि ठिपके जोडतो. लांब सरळ रस्त्यावर तो उत्तम. पण बागेतल्या छोट्या गोल फेऱ्यांत दोन ठिपक्यांमधलं वळण तो सरळ रेषेने कापतो, त्यामुळे कमी दाखवतो. दाट झाडीत ठिपके इकडेतिकडे उडतात. बाकावर बसून गप्पा मारत असाल तर बसल्या जागी थोडं अंतर वाढवूनही ठेवतो. तेव्हा आमराईतल्या फेऱ्यांना पावलांचा हिशोब लावा आणि लांब रस्त्याला उपग्रहाचा.

आता कोणतं चालणं धरायचं. आमच्या घरात यावर खरोखर वाद झाला. माझा नियम: बूट घालून, चालायला म्हणून बाहेर पडलो तेवढंच. ऑफिसात जिने चढलो, दुकानात उभा राहिलो, ते नाही. सौ. म्हणाल्या, "मग दिवसभर मी या घरात चालते ते कुणाच्या खात्यात?" याला उत्तर नव्हतं. शेवटी ठरलं की त्यांच्या वहीत दिवसाची सगळी पावलं, माझ्या वहीत फक्त बुटांची, आणि दोन्ही वह्यांची तुलना करायची नाही. (करतोच.) नियम कोणताही चालेल, तो पहिल्या दिवशी पहिल्या पानावर लिहा आणि प्रवास संपेपर्यंत बदलू नका. मधेच नियम सैल केला की जुन्या आणि नव्या किलोमीटरची जात वेगळी होते, आणि मग बेरजेला काही अर्थ उरत नाही. दोघांची बेरीज करून एकच टाचणी पुढे सरकवायची, हा मोह होईल. माझा सल्ला, करू नका. एक जण आजारी पडला की दुसऱ्याला वाटतं आपण ओझं ओढतोय. रस्ता एकच ठेवा, टाचण्या दोन रंगांच्या. माझ्या तिसऱ्या, तमिळनाडूतल्या जिंजीच्या प्रवासात सौ. निपाणीपुढच्या तवंदी घाटात मला मागे टाकून गेल्या, आणि मग बेळगावपर्यंत मी पावसातसुद्धा बाहेर पडत होतो.

जिंजीबद्दल विचाराल म्हणून थोडक्यात. छत्रपती राजाराम महाराज १६८९ साली पन्हाळ्याहून जिंजीला गेले, आणि परतल्यावर मराठ्यांची राजधानी साताऱ्याला आली. म्हणून साताऱ्याच्या माणसाने उलट्या दिशेने चालायचं, एवढाच त्यामागचा विचार. कराड, कोल्हापूर, बेळगाव, कित्तूर, धारवाड, हुबळी, दावणगेरे, चित्रदुर्ग, बेंगळुरू, कृष्णगिरी, तिरुवण्णामलै आणि जिंजी. पावणेदहाशे किलोमीटरच्या आसपास. दावणगेरे जिल्ह्यात होदिगेरेला शहाजीराजांची समाधी आहे. महामार्ग सोडून तिथं वळलो आणि ते जादा किलोमीटरही इमानदारीने चाललो. जिंजीचा किल्ला २०२५मध्ये जागतिक वारशात गेला, तेव्हा आमच्या घरात जणू आपलीच जमीन सातबाऱ्यावर चढल्यासारखा आनंद झाला.

आता तुमचा मार्ग. तुम्ही रोज ज्या पाण्याकडे बघत चालता, त्याच पाण्याबरोबर जा. महाबळेश्वरला कृष्णेच्या उगमापासून निघायचं आणि आंध्रात हंसलदीवीला समुद्रापर्यंत. नदीची लांबी सुमारे १,४०० किलोमीटर. रोज चार धरले तर ३५० दिवस, खंड धरून सव्वा वर्ष. आणि या मार्गावर माझा नियम आपोआप पाळला जातो, कारण वरच्या अंगाला नदीकाठी ठिकाणांची रांगच लागली आहे.

महाबळेश्वरच्या पंचगंगा मंदिरात पाच नद्यांची उगमस्थानं मानतात: कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री आणि गायत्री. सावित्री पश्चिमेला कोकणात उतरते. वेण्णा आणि कोयना मात्र पुढे तुम्हाला परत भेटतात, एक साताऱ्याजवळ माहुलीला, दुसरी कराडच्या प्रीतिसंगमावर. महाबळेश्वरनंतर धोम धरण, मग वाई. वाईत पोचलात की ढोल्या गणपतीबरोबर आणखी एक आठवण ठेवा: मराठी विश्वकोशाचं काम याच गावात तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी उभं केलं. मी प्रत्येक मुक्कामाला विश्वकोशातली त्या जागेची नोंद वाचतो, फुकट आहे आणि इंटरनेटवर आहे. पुढे लिंबची बारा मोटेची विहीर, माहुली, कराड, बहे, औदुंबर, भिलवडीचा घाट आणि सांगली. स्वतःच्या घाटावर तुमची टाचणी साधारण दोन महिन्यांत येईल. मग हरिपूरला वारणा, नरसोबाच्या वाडीला पंचगंगा, खिद्रापूरचं कोपेश्वराचं देऊळ, आणि नदी कर्नाटकात.

तिथून ठिकाणं विरळ होतात, पण एकेक ठिकाण वजनदार आहे. आलमट्टीचं नाव सांगलीच्या माणसाला सांगायला नको, दर पावसाळ्यात त्या धरणाच्या पातळीवर चहाच्या टपरीवर वाद होतात. यावेळी तिथं पायी पोचाल. आलमट्टीच्या खाली कूडलसंगम, जिथं मलप्रभा मिळते आणि जिथं बसवेश्वरांचं ऐक्यस्थान आहे. मग नारायणपूर धरण. रायचूरच्या बाजूला भीमा येऊन मिळते, म्हणजे पंढरपूरची चंद्रभागाच. त्याच पट्ट्यात नदीच्या बेटावर कुरवपूर, श्रीपाद श्रीवल्लभांचं ठिकाण. औदुंबर, वाडी आणि कुरवपूर, दत्तभक्ताची तिन्ही ठिकाणं एकाच नदीवर आहेत हे नकाशावर बोट ठेवून गेल्याशिवाय माझ्या लक्षात आलं नव्हतं. मग तुंगभद्रा, श्रीशैल, जिथं शिवाजी महाराज १६७७ साली दक्षिणेच्या स्वारीत गेले होते, नागार्जुनसागर, अमरावती, विजयवाड्याचा प्रकाशम बंधारा आणि समुद्र. माझा सध्याचा चौथा प्रवास हाच, मी आता श्रीशैलच्या अलीकडे आहे. श्रीशैल ते नागार्जुनसागर जंगलाचा पट्टा आहे, गावं सापडत नाहीत. तिथं मी दर वीस किलोमीटरवर उपग्रहाच्या चित्रात दिसणारी नदीची ठळक वळणं टाचणी म्हणून धरली आहेत.

नदी मोजताना एक खबरदारी. रस्त्याचं अंतर नकाशावर आयतं मिळतं, नदीचं मिळत नाही. ते तुम्हाला रेषा ओढून मोजावं लागतं. आणि इथं जुना मोजणीदार जागा होतो: तुम्ही किती लहान तुकड्यांनी मोजता त्यावर नदीची लांबी ठरते. पाच-पाच किलोमीटरच्या सरळ रेषा टाकल्यात तर सगळी वळणं कापली जातात आणि नदी आखूड होते. पाचशे मीटरच्या तुकड्यांनी तेच अंतर मोजलं तर ती लांबते. औदुंबर ते सांगली एवढ्याच भागात दोन्ही तऱ्हेने मोजून बघा, कृष्णा तिथं कशी वळवळते ते दिसेल. कोणतं खरं, याला उत्तर नाही. अर्धा किलोमीटरचा तुकडा ठरवा आणि उगमापासून मुखापर्यंत तोच वापरा. धरणाच्या जलाशयात मूळ पात्र दिसत नाही, तिथं पाण्याच्या मधोमध रेषा ओढा. एकदम सगळी नदी मोजत बसू नका. सांगलीपर्यंत मोजा आणि चालायला लागा, पुढचं पावसाळ्यात घरात बसून मोजता येईल.

वही की संगणक, हा ज्याच्या त्याच्या आवडीचा प्रश्न. मी वहीत चार रकाने ठेवतो: तारीख, आजचे किलोमीटर, एकूण, आणि शेरा. तुम्ही नोकरीत हिशोबाचं काम केलं असेल तर एक्सेल सोपं पडेल. एका पानावर ठिकाणांची यादी, उगमापासूनच्या अंतरासह, लहान अंतरापासून मोठ्याकडे. दुसऱ्या पानावर रोजचे आकडे आणि बेरीज. व्हीलुकअप हे सूत्र बेरजेवर चालवलं आणि त्याच्या शेवटी ट्रू लिहिलं, की ते बेरजेइतकं किंवा बेरजेच्या अलीकडचं जवळचं ठिकाण आपोआप दाखवतं. यादी चढत्या क्रमाने नसेल तर मात्र ते भलतंच गाव सांगतं. आमच्या एका मित्राला त्याने माहुलीहून थेट विजयवाड्याला नेलं होतं. पैसे घेऊन पदक पाठवणारी ॲपही आहेत. पदक छान दिसतं, पण त्यांच्या मार्गावर औदुंबर नसतं.

खंडाबद्दल मी जरा कडक आहे. शून्य किलोमीटरच्या दिवशी शून्य लिहायचं आणि शेऱ्यात कारण. "० – पाऊस." "० – नातवाचं बारसं." "० – कंटाळा." रिकामी ओळ सोडायची नाही. आणि बाकी कधीही पुढे ओढायची नाही. काल चार चाललो नाही म्हणून आज आठ, असा हिशोब सुरू झाला की चार दिवसांच्या तापानंतर डोक्यावर सोळा किलोमीटरचं कर्ज असतं, आणि तो माणूस वही बंद करतो. मी अशा चार-पाच वह्या बंद पडलेल्या पाहिल्या आहेत. कृष्णा कुठं पळून जात नाही.

पावसाळ्याची सोय मात्र आधीच करून ठेवा. तुमच्याकडे कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी चाळीस फुटांकडे निघालं की घाटाचा विचारच सोडावा लागतो, आणि २०१९च्या ऑगस्टमध्ये ते सत्तावन्न फुटांच्या वर गेलं तेव्हा सगळी सांगलीच घरात अडकली होती. इमारतीखालचं पार्किंग किंवा मोठी गच्ची टेपने मोजून ठेवा. माझ्या गच्चीची फेरी ३८ मीटरची आहे, २६ फेऱ्या म्हणजे किलोमीटरला थोडं कमी. दर दहा फेऱ्यांनी दिशा उलटी करा, नाहीतर आतल्या बाजूचा गुडघा बोलायला लागतो. कंटाळवाणं आहे, खोटं कशाला सांगू, पण नरसोबाची वाडी सहा किलोमीटरवर आलेली असेल तर माणूस गच्चीवर फिरतो.

चढाचं काय, हा प्रश्न तुम्ही विचारला नाही, पण साताऱ्यातले सगळे विचारतात, कारण इथं अर्धं गाव सकाळी अजिंक्यतारा चढतं. विल्यम नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ साली एक ठोकताळा दिला: तीन मैलाला एक तास, आणि वर चढलेल्या दर दोन हजार फुटांना आणखी एक तास. अजिंक्यताऱ्याचा अडीचशे-तीनशे मीटरचा चढ या हिशोबाने सपाटीवरच्या दोन-सव्वादोन किलोमीटरच्या मेहनतीएवढा होतो. म्हणून काही जण ते दोन किलोमीटर प्रवासात घालतात. मी घालत नाही. चढ वेगळ्या रकान्यात लिहितो आणि त्यातून निराळा डोंगर चढतो. कळसूबाई १,६४६ मीटर, समुद्रसपाटीपासून मोजली तर अजिंक्यताऱ्याच्या सहा-सात फेऱ्यांत होते. तुमची सांगली सपाट आहे, तुम्हाला ही भानगड नाही.

साखर आहे म्हणालात म्हणून एवढंच: रोज घरी आल्यावर पावलं आणि बोटांमधली जागा बघा. साखरेत पायाची जाण कमी होते, फोड आला तरी कळत नाही. खिशात गोड गोळी-बिस्कीट ठेवा. औषध घेऊन रिकाम्या पोटी लांब चालावं की नाही, हे तुमच्या डॉक्टरांना विचारा. टाचणी पुढे ढकलण्यासाठी अंतर एकदम वाढवू नका. चाराचे पाच करायचे असतील तर महिनाभरात.

आणि दहा हजार पावलांच्या आकड्याने बिचकू नका. १९६४च्या टोकियो ऑलिंपिकनंतर, १९६५ साली जपानमध्ये एक पावलं मोजणारं यंत्र विकायला आलं. त्याचं नावच "दहा हजार पावलांचा मापक" अशा अर्थाचं होतं. आकडा गोल होता, लक्षात राहिला आणि जगभर पसरला. तुमचे चार किलोमीटर म्हणजे सहा हजारांच्या आसपास पावलं, आणि कृष्णा त्यावर समुद्राला मिळते.

पहिल्या आठवड्यात फक्त पाऊल मोजा, टाचणी महाबळेश्वरला ठेवून द्या. धावपट्टीवर जाताना मात्र सहाच्या आत पोचा. त्यानंतर पोलीस भरतीची पोरं धावायला येतात, आणि आतली लेन तुम्हाला मिळत नाही.